डी ड्राइव्हवरची गाणी

ही गोष्ट ह्यांना सांगायची राहिली, आणि आता ऐकायला हे राहिले नाहीत. मुलांना सांगितली नाही. एकदा देवापुढे बसून सांगायला घेतली होती, तर तिथेही मध्येच विषय बदलला आणि गुडघ्यांची तक्रार करून उठले. बहात्तरावं सरत आलंय मला. इतकी वर्षं गालात लवंग धरावी तशी धरून ठेवली ही गोष्ट. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून तुम्हालाच सांगते.

गोष्ट आहे एका कॉम्प्युटरच्या डिस्कची. हसलात ना? हसा. मीही आधी थोडं हसवणारच आहे. अवघड जागा जवळ आली की थट्टा करायची, ही खोड माझी जुनीच.

गेल्या महिन्यात माझी नात मुक्ता सुट्टीला जळगावला आली. येताना दोन मोठी खोकी घेऊन आली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळं पसरून बसली. गेम खेळायला स्वतःच्या हाताने मशीन जोडायची होती तिला, आयुष्यातली पहिली. फक्त डिस्क घ्यायची राहिली होती. मोबाइलवर एकामागून एक चित्रं दाखवत म्हणाली, "आजी, एक लहान पण झटपट आहे, एक मोठी आहे पण कंपनी फारशी कुणाला माहीत नाही. कुठली घेऊ?"

"मोठी घे," मी म्हणाले.

मेथी निवडत होते, ती नुसतीच हातात राहिली. कारण हेच दोन शब्द मी पूर्वी एकदा ह्याच खोलीत बोलले होते. तेव्हा समोर मुक्ता नव्हती. सुधाकर होता.

सुधाकर माझा धाकटा दीर. अठ्ठ्याण्णव साल असेल ते. त्याचं लग्न व्हायचं होतं, धुळ्याला एका गाळ्यात कॉम्प्युटर जोडून द्यायचं दुकान नुकतंच टाकलं होतं. ऑफिसांना, क्लासवाल्यांना मशीनी जोडून द्यायचा. पण त्याच्या मनात होती ती एकच — गेम खेळायची, स्वतःची, मनासारखी. धुळ्याची त्याची खोली पत्र्याची. पावसात गळायची, उन्हाळ्यात भाकरी भाजावी अशी तापायची. म्हणून ठरलं, मशीन जळगावला आमच्याकडे ठेवायची. शनिवार-रविवार तो येणार, बाकीचे दिवस ह्यांच्या डाळ मिलची पत्रं आम्ही टाइप करून द्यायची. आम्ही म्हणजे मी. ह्यांचं एक बोट कीबोर्डावर अक्षर शोधायला निघालं की जेवणाची वेळ व्हायची.

मुलं तेव्हा नाशिकला शिकायला. घरात हे, मी आणि सासूबाई.

तर सुधाकर एका रविवारी चिठ्ठ्या घेऊन बसला. कुठल्या भागात काय घालायचं ते ठरवत होता. बाकी सगळं पटापट ठरलं, डिस्कपाशी गाडी अडली. एक होती नावाजलेल्या कंपनीची, पण लहान. दुसरी तेवढ्याच किमतीत जवळजवळ दुप्पट जागेची, पण कंपनीचं नाव त्यालाही धड उच्चारता येत नव्हतं. अर्धा तास दोन चिठ्ठ्या पुढेमागे करत होता.

"वहिनी, तुम्ही बोला."

मला काय कळतं हो? मी बरणीच्या हिशेबाने बोलले. म्हटलं, मोठी घे. बरणी मोठी असली की लोणचं कमी घालता येतं, लहान बरणीत जास्त कसं घालणार? तो हसला. म्हणाला, "खरंय. आईची गाणीही मावतील."

हे गाण्यांचं तेव्हा मी पहिल्यांदा ऐकलं.

सासूबाईंना कानबाईची गाणी यायची. आमच्या खान्देशात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, डोरलं, सगळा साज. त्या दिवशी सगळे भाऊबंद एका घरी जमतात, रोटाचा, म्हणजे प्रसादाचा, स्वयंपाक होतो, आणि बायका गाणी म्हणतात. आमच्या भाऊबंदांत चाळीसेक गाणी पूर्ण येणारी बाई एकच होती. बाकीच्या आम्ही मागून ओढणाऱ्या. सुरुवात त्यांनी करायची, आम्ही शेपूट धरायचं.

मी एकदा, नवी नवरी असताना, म्हटलं होतं — आई, मला शिकवा. त्या माझ्याकडे बघून हसल्या. "तुले नही जमाव, माय. तुन्ही जीभ शहरनी शे." माझं माहेर जळगावातलंच, पण बाजारपेठेतलं, आणि घरात पुस्तकी बोलणारे. त्यांनी गमतीत म्हटलं असेल. मी मात्र ते वीस वर्षं जपून ठेवलं. असलं काही जपायला मला कधी मोठी बरणी लागली नाही.

सुधाकरचं म्हणणं, कॅसेट चिकटते, ताणली जाते, आपल्या उन्हाळ्यात वाकडी होते. डिस्कवर घातलेलं गाणं जसंच्या तसं राहील. त्याने मांडीवर टॉवेलात गुंडाळून ती डिस्क धुळ्याहून एसटीने आणली. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा चहालासुद्धा उतरला नाही. मशीन जोडली. मला समजावून सांगितलं — वहिनी, डिस्क एकच आहे, पण मी तिचे दोन भाग केलेत. एका घरात दोन चुली असतात ना, तसे. पहिला भाग सी, त्यात मशीन चालवायचं सामान आणि गेम. दुसरा डी. त्यात फक्त आईची गाणी.

फक्त. हा शब्द मी नीट ऐकला होता. पुढे कामाला येईल, लक्षात ठेवा.

मग दर रविवारी दुपारी रेकॉर्डिंग. सासूबाई नवं लुगडं नेसून यायच्या. समोर तो लहानसा माइक बघून डोक्यावर पदर घ्यायच्या — कोण जाणे आत कोण पुरुष बसलाय. पहिल्या दिवशी तर मशीनला त्यांनी विचारलं, "जेवना का रे, भो?" उत्तर आलं नाही तेव्हा सुधाकरला म्हणाल्या, पाहुण्याला आधी जेवायला तरी घाल. हे सगळं रेकॉर्ड झालं होतं. सुधाकरने ते काढलं नाही. पहिल्या गाण्याच्या आधी ते तसंच ठेवलं. गाणं लावलं की आधी सासूबाई त्याच्या जेवणाची चौकशी करायच्या, मग गायच्या.

गाण्यांना जागा खूप लागते, सुधाकर म्हणायचा. तीन महिन्यांत डी जवळजवळ भरला.

आणि माझं काय चाललं होतं? तेही सांगते.

मी गाडी चालवत होते. त्रेचाळीस वर्षांची बाई, पोरं कॉलेजात, आणि दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की निऱ्या वर खोचून मी पडद्यावरची लाल गाडी पळवायला बसायची. मशीन तापायची म्हणून सुधाकरने तिचं एका बाजूचं झाकणच काढून ठेवलं होतं आणि टेबलफॅन तिच्यावर लावला होता. मी घामाने निथळतेय, मशीन वारा खातेय. वळण आलं की मीही खुर्चीत त्या बाजूला कलायची. एकदा पोस्टमन खिडकीतून बघत उभा होता, किती वेळ कोण जाणे. शेवटी म्हणाला, "अक्का, डावीकडे घ्या."

गेममध्ये सगळ्यांत कमी वेळेची यादी असायची. वर सुधाकरचं नाव, खाली माझं. पुन्हा सुधाकर, पुन्हा माझं. तो शनिवारी यायचा, यादी बघायचा आणि म्हणायचा, "काय वहिनी, बैलगाडी जुंपली होती का?" मी म्हणायची, "भाऊ, तुझं लग्न झालं की बघते तुला कोण खेळू देतं." असं चालायचं आमचं. खरं सांगते, त्या घरात माझ्याशी असं बरोबरीने कुणी बोलत नव्हतं. ह्यांचा स्वभाव गंभीर. सासूबाई मला शहरची म्हणून बाजूला ठेवायच्या. सुधाकर मात्र मला चिडवायचा. चिडवणं म्हणजे माणसाने आपल्याला मोजलं की नाही?

त्यानेच माझ्यासाठी एक शंभरपानी वही केली होती. वर लिहिलं होतं, 'वहिनींचं कॉम्प्युटर'. त्यात पाककृतीसारखं सगळं पायरीपायरीने. मशीन चालू करणे. पत्र लिहिणे. फ्लॉपी भरली तर साफ करणे — हे मला सगळ्यांत आवडायचं. काळ्या पडद्यावर एक शब्द लिहायचा, पुढे फ्लॉपीचं अक्षर, आणि आकडे चढत चढत शंभरावर गेले की फ्लॉपी कोरी. शेवटी मशीन विचारायची, हिला नाव काय देऊ? सुधाकर म्हणायचा, काही नाही लिहिलं तरी चालतं, एंटर दाबा. पण मला कसं चालेल? आपल्याकडे वाटीसुद्धा नाव घातल्याशिवाय मांडणीवर जात नाही. मी प्रत्येक फ्लॉपीला नाव दिलं. डाळ, पत्र, दिवाळी, अशी इंग्रजी अक्षरांत. सुधाकर खूप हसायचा. "आख्ख्या खान्देशात फ्लॉपीवर नाव घालणारी बाई एकच," म्हणायचा. ते नाव पुढे कुठे जातं, कुठे दिसतं, ते मला काही माहीत नव्हतं. पडद्यावर तर ते मला पुन्हा कधी दिसलं नाही. मला वाटायचं, मशीन मनात ठेवत असेल.

श्रावण लागला. कानबाई आमच्याकडे बसायची होती. तुम्ही खान्देशचे असाल तर सांगायला नको — कानबाईच्या आधी घर धुऊन निघतं. भिंतींना चुना, डबे रिकामे करून, घासून, उन्हात घालून पुन्हा भरायचे. गोधड्या नदीवर. अर्धंमुर्धं आवरलेलं कानबाईला चालत नाही. हात आवरायचा थांबत नाही त्या आठवड्यात. दिसेल ते रिकामं करावंसं वाटतं.

आता बघा, मी कशी हळूच तुम्हाला साफसफाईकडे नेतेय. म्हणजे तुम्ही म्हणाल, बिचारी, आवरता आवरता झालं तिच्याकडून. इतकी वर्षं मी मनातल्या मनात स्वतःला हेच सांगत आले. नको. नीटच सांगते.

त्याच आठवड्यात मी बाजारातून एक नवी सीडी आणली होती. गाड्यांचीच, पण नव्या रस्त्यांची. गुपचूप आणली. सुधाकर यायच्या आत सराव करायचा आणि यादीत वर जायचं, असा बेत. पण मशीन म्हणे, जागा कमी आहे. थोडकी जागा घेऊन चालेल, पण मग दर वळणावर गाडी अडखळायची. सीडी घरघरायची आणि तेवढ्यात माझी गाडी कठड्यावर. पूर्ण जागा दिली तर सुरळीत चालेल, असं खोक्यावर लिहिलेलं. सी भरलेला होता गेमनी. ते पुसायचे? जिवावर आलं माझ्या. एकेक गेम बघितला आणि एकही पुसवेना.

मग डी.

बुधवार होता. दुपारचे तीन. सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झालेल्या, मधूनमधून खोकत होत्या. आषाढापासून तो खोकला होता त्यांना. सकाळी मीच अडुळशाचा काढा दिला होता. मी वही काढली. पान उघडलं — फ्लॉपी साफ करणे. मला साफ करायची एवढी एकच रीत येत होती. काळ्या पडद्यावर तो शब्द लिहिला, आणि फ्लॉपीच्या अक्षराच्या जागी डी.

फ्लॉपीला मशीन असं कधी म्हणत नव्हती, पण ह्या वेळी तिने मला इंग्रजीत बजावलं. सगळं जाईल, पुढे जाऊ का? मी मॅट्रिक आहे. मला वाचता येत होतं. ते जाईल म्हणजे काय जाईल, हेही मला ठाऊक होतं. फक्त आईची गाणी — आठवतं ना?

मनात काय आलं म्हणता? आलं की, गाणी कुठे जातात, बाई धडधाकट आहे, पुन्हा गाईल. आतून खोकल्याचा आवाज येत असताना मी हे मनाला सांगितलं. आणि त्याच्याही खाली आणखी एक होतं. शहरची जीभ. बघा म्हटलं, शहरच्या बोटांना काय जमतं ते.

होय म्हणून एक अक्षर दाबलं. आकडे चढायला लागले. मध्ये थांबवता आलं असतं का, मला माहीत नाही. मी थांबवायचा प्रयत्न केला नाही. उठून चहा टाकला. परत आले तेव्हा शंभर झाले होते आणि मशीन विचारत होती, हिला नाव काय देऊ?

मी लिहिलं, कानबाई. इंग्रजीत, सहा अक्षरं. तेवढाच देवीचा मान.

मग तो गेम डीमध्ये घातला, आणि गुरुवारी दुपारी मी नवा रस्ता सुधाकरच्या जुन्या रस्त्यावरच्या वेळेपेक्षा कमी वेळात पार केला. इतका आनंद झाला म्हणता! एकटीच टाळी वाजवली. काय बाई होते मी, विचार करते कधीकधी. चांगली दोन लगावाव्यात अशी.

शुक्रवारी सुधाकरचा फोन आला. म्हणाला, वहिनी, आईला ह्या वर्षी डॉक्टरांनी गाऊ नको सांगितलंय ना, तर मी रविवारीच दोन मोठे स्पीकर घेऊन येतो. कानबाईपुढे मशीनवर आईची गाणी लावू. भाऊबंदांना सांगून ठेवलंय. आईला मी काल पोस्टकार्ड टाकलं, तुम्ही वाचून दाखवा.

तो विचारत राहिला, वहिनी, ऐकताय ना? ऐकत होते.

दोन दिवस होते माझ्याकडे. फोनवरच सांगता आलं असतं — भाऊ, माझ्याकडून चूक झाली. तो ओरडला असता. ओरडू दे ना. पण मी काय केलं? तो गेम डीमधून काढला. सीडी गव्हाच्या कोठीत, गव्हाखाली. मशीन ओल्या फडक्याने पुसली, तिला हळदकुंकू लावलं. पोस्टकार्ड आलं ते सासूबाईंना वाचून दाखवलं, आवाजही कापला नाही. त्यांनी त्याच दिवशी ट्रंकेतून हिरवं लुगडं काढून उन्हात घातलं. स्वतःलाच ऐकायला नटणारी बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

रविवारी दिवेलागणीला घर भरलं. कानबाई चौरंगावर बसलेली, समोर भाऊबंद दाटीवाटीने, पोरं खिडक्यांत. सासूबाई हिरवं लुगडं नेसून पुढेच. सुधाकरने स्पीकर जोडले, मशीन चालू केली आणि सगळ्यांना म्हणाला, आधी आई तुमचं जेवण विचारेल, हसू नका. मी स्वयंपाकघराच्या दारात, हातात रोटाचं ताट. तिथून मला पडदा दिसत नव्हता. सुधाकरची पाठ दिसत होती.

त्याने काहीतरी उघडलं. पाठ थांबली.

पुन्हा उघडलं. पुन्हा थांबली.

"काय झालं रे?" हे म्हणाले.

"गाणी दिसत नाहीत," तो हळू म्हणाला. "रिकामं आहे."

आमच्यात सगळ्यांत मोठे बापूआबा. त्यांना गंमत सुचली. "सुधा, तुन्ही डिस्क तं उपाशी शे रे. सस्ती लिधी व्हई." स्वस्तातली घेतली असशील, असं त्यांचं म्हणणं. सगळे हसले. सासूबाईंना वाटलं, खरंच कुणी उपाशी आहे. त्या म्हणाल्या, "उपाशी शे? मंग जेवाले घाला तेले." तेव्हा तर घर हसून हसून लोळलं.

सुधाकर हसला नाही. खुर्चीतून मागे वळला आणि मला विचारलं, सरळ माझ्याकडे बघून — "वहिनी, ह्याला कुणी हात लावला होता का?"

एवढंच विचारलं त्याने. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, आधीपासून भिजत घातल्यासारखं. "मी कशाला हात लावते भाऊ? फडक्याने पुसते तेवढंच."

तो पुन्हा पडद्याकडे वळला. थोडा वेळ बघत राहिला. मग हात पुढे करून त्याने पडद्याचं बटण बंद केलं, आणि उठून म्हणाला, "माझीच निवड चुकली. डिस्क हलकी निघाली." त्याच्या निवडीत निम्मा वाटा माझा होता. मोठी घे, असं मीच म्हणाले होते. तेही मी बोलले नाही. ताट घेऊन उभी राहिले.

सासूबाई म्हणाल्या, असू दे, गाणं तोंडात आहे. आणि डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना सुरू केलं. पहिली ओळ आली. दुसऱ्या ओळीत खोकला आला, आणि थांबेना. त्यांनी आम्हा बायकांकडे बघितलं, पुढचं आम्ही म्हणावं म्हणून. आम्हाला फक्त शेपूट येत होतं. कुणालाच पुढची ओळ येईना. मग कुणीतरी आरती सुरू केली.

सोमवारी कानबाई नदीवर बोळवली आणि सुधाकरने मशीन उघडून ती डिस्क काढली. ज्या टॉवेलात आणली होती, त्याच टॉवेलात गुंडाळून धुळ्याला नेली. पुढच्या वेळी लहान डिस्क आणली, नावाजलेल्या कंपनीची. त्याने दोनदा माइक आणला. सासूबाईंनी दोन्ही वेळा पदर घेतला, सरसावून बसल्या. पण खोकल्याशिवाय काही रेकॉर्ड झालं नाही. फाल्गुनात त्या गेल्या. आमच्या कानबाईला आता बाजारातली गाणी लागतात.

आणि सुधाकर? भाऊबंदांत त्याचं नाव पडलं — उपाशी. "उपाशीकडून घेऊ नका रे मशीन." पारोळ्याच्या चुलतभावाने सांगितलेली मशीन रद्द केली, मग आणखी दोघांनी. तोही कुणाला डिस्क सुचवेनासा झाला. गिऱ्हाइकाला म्हणायचा, तुम्हीच ठरवा, माझं नका ऐकू. असं म्हणणाऱ्याच्या दुकानात कोण येणार? दोन वर्षांनी गाळा सोडला आणि चाळीसगावला एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून झाला. दुकान माझ्यामुळेच बंद पडलं असं मी म्हणत नाही. नाही पडलं असंही म्हणणार नाही. नव्या डिस्कवरच्या यादीत मात्र मी कायमची वर राहिले. तो पुन्हा आमच्या मशीनवर खेळला नाही.

तो आहे अजून. त्याचंही डोकं पांढरं झालंय. दर मार्गशीर्षात भरताची वांगी घेऊन येतो, अंगणात काड्या पेटवून स्वतः भाजतो, आणि मला म्हणतो, "वहिनी, कांद्याची पात बैलगाडीने आणताय का?" मी हसते. मला इतकी वर्षं वाटत होतं, त्याला काही कळलेलं नाही. त्या विश्वासावर मी त्याच्यासमोर जेवले, हसले, त्याच्या मुलीच्या लग्नात मिरवले.

गेल्या महिन्यात मुक्ताची डिस्क आली. मोठीच घेतली तिने. जोडली, तिचेही दोन भाग केले, आणि मला हाक मारली. "आजी, हिला नाव काय देऊ?"

मी म्हटलं, कशाला, एंटर दाब.

"अगं, नाव दिलं की इथे दिसतं, बघ." तिने बोट ठेवलं. पडद्यावर लहानसं चित्र होतं, शेजारी डी, आणि नावाची मोकळी जागा. "मशीन उघडली की पहिलं हेच दिसतं."

"फ्लॉपीला नव्हतं दिसत," मी म्हणाले.

"फ्लॉपीला नसेल. डिस्कला दिसायचं, आजी. पहिल्यापासून."

मी खुर्ची ओढून बसले.

म्हणजे त्या संध्याकाळी, सगळं घर हसत असताना, सुधाकरच्या डोळ्यांसमोर ते नाव होतं. डीच्या शेजारी. कानबाई. आख्ख्या खान्देशात असं नाव घालणारी बाई एकच, हे त्याचंच वाक्य. भांडं कुणाच्या घरचं ते नावावरून कळतं, तसं ते त्याला कळलं. माझ्याकडे वळून त्याने विचारलं, तेव्हा त्याला उत्तर माहीत होतं. ते त्याला माझ्या तोंडून हवं होतं. मी ते दिलं नाही. आणि मग त्याने बटण दाबून पडदा बंद केला — दुसऱ्या कुणी वाचू नये म्हणून.

मुक्ताने दोनदा विचारलं, काय नाव देऊ. मी म्हटलं, तुझं तूच दे.

डिस्क चांगली होती. सुधाकरने ती बरोबर निवडली होती. सासूबाईंची गाणी मी पुसली, जाणूनबुजून, बुधवारी दुपारी तीन वाजता, गाडी पळवण्यासाठी. आता थंडी पडायला लागली आहे. ह्या आठवड्यात कधीतरी तो वांगी घेऊन येईल.